पगाराची एक्सेल चढत नाही? आणि चढली, तरी आकडे बरोबर चढले का?

पिंप्राळा (जळगाव) : जळगावच्या एमआयडीसीत चटईचे, पाईपाचे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत. तिथे कामाला जाणारी माणसं आपल्याच गावांतली. आणि आता तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी पोरंही आपल्याच गावांतली. बारावी केली, एमएस-सीआयटी केली आणि ऑपरेटर म्हणून लागला. महिना संपला की या पोराच्या डोक्यावर एकच काम असतं. हजेरीची, पगाराची एक्सेल बनवायची आणि ती कंपनीच्या एचआर सॉफ्टवेअरमध्ये, पीएफच्या साईटवर, ईएसआयसीच्या साईटवर आणि बँकेत चढवायची. लहान कारखान्यात पगार ७ तारखेच्या आत व्हायला पाहिजे, पीएफ आणि ईएसआयसी १५ तारखेच्या आत. मधल्या दिवसांत लाल अक्षरात एरर आली की पोराचा घसा कोरडा पडतो आणि बाहेर मजूर विचारत असतात, "भाऊ, पगार कधी पडणार?"

ही माहिती दोघांसाठी आहे. फाईल चढवणाऱ्यासाठी, आणि ज्याचं नाव त्या फाईलमध्ये आहे त्याच्यासाठीही. कारण फाईल बिघडवतो एक आणि भोगतो दुसराच.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. लाल एरर आली तर ती चांगली. सॉफ्टवेअरने चूक पकडली, फाईल बाहेरच ठेवली, नुकसान काही नाही. वाईट चूक ती, जी हिरव्या टिकमार्कसकट आत जाते. खातं दुसऱ्याचं, जन्मतारीख भलतीच, पीएफ नंबरात एक आकडा कमी-जास्त, आणि वर लिहून येतं 'सक्सेसफुल'. ते कळतं कधी? लग्नासाठी किंवा बोअरवेलसाठी पीएफ काढायला जाता तेव्हा.

आधी फाईलचा सांगाडा बघा

सॉफ्टवेअरला तुमचं पगारपत्रक वाचता येत नाही. त्याला फक्त रकाने कळतात. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, दुसऱ्या ओळीपासून माणसं, एका ओळीत एक माणूस. बस. आपण काय करतो? सगळ्यात वर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, चार खाने जोडून. खाली 'माहे जूनचे पगारपत्रक'. मग एक रिकामी ओळ. शेवटी 'एकूण'. कागदावर छापायला हे झ्याक दिसतं, पण सॉफ्टवेअर कंपनीच्या नावाला रकान्याचं नाव समजतं आणि 'एकूण' नावाच्या माणसाला सगळ्यांच्या पगाराची बेरीज एवढा पगार देऊ बघतं.

म्हणून प्रत्येक साईटवर नमुना फाईल असते ती उतरवून घ्या आणि त्यातच माहिती भरा. रकान्यांची नावं बदलू नका, मराठीत करू नका, जागा हलवू नका. नावाच्या मागे चुकून एक स्पेस पडली तरी 'रकाना सापडला नाही' अशी एरर येते आणि डोळ्याला तर सगळं बरोबर दिसतं. लपवलेल्या ओळी आणि फिल्टर काढून टाका. महिन्यापूर्वी सोडून गेलेला माणूस आपण लपवून ठेवलेला असतो, सॉफ्टवेअरला तो दिसतो.

बारा आकड्यांचं दुखणं

आता मुख्य बिघाडाकडे येऊ. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त डोकेदुखी इथेच आहे.

पीएफचा यूएएन नंबर १२ आकडी. आधार १२ आकडी. एक्सेलला वाटतं हा आकडा म्हणजे रक्कम, बेरीज-वजाबाकी करायची आहे. साध्या खान्यात ११ आकड्यांपर्यंत तो जसाच्या तसा दाखवतो. बारावा आकडा टाकला की नंबर गायब आणि त्या जागी १.०१२३५ई+११ असं काहीतरी, मध्ये इंग्रजी ई अक्षर. याचा अर्थ '१.०१२३५ गुणिले एकावर अकरा शून्य'. शास्त्रज्ञांची लिहायची पद्धत आहे ती, आपल्या कामाची नाही.

इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. खान्याच्या आत पूर्ण नंबर असतो, फक्त दाखवायची पद्धत वेगळी. रकाना निवडून फॉरमॅटमध्ये 'नंबर' करा, दशांश शून्य करा, नंबर परत दिसेल. पण तोच दिसणारा प्रकार तसाच ठेवून तुम्ही फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की खेळ खल्लास. सीएसव्हीमध्ये जे डोळ्याला दिसतं तेच उतरतं. मागचे सहा आकडे गेले, त्यांच्या जागी शून्य. मग पन्नास मजुरांचे यूएएन एकसारखे दिसायला लागतात आणि साईट म्हणते 'डुप्लिकेट'. ते आकडे आता त्या फाईलमधून कोणीही परत आणू शकत नाही. मूळ एक्सेल फाईल लागेल, नाहीतर कागद.

बँक खात्यात दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, सुरुवातीचा शून्य. खातं शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल म्हणतो शून्याला किंमत काय, आणि काढून टाकतो. गणितात बरोबर आहे हो, पण खात्यात तो शून्य म्हणजे नंबरचा भागच. दुसरं दुखणं याहून वाईट. एक्सेल कोणत्याही आकड्याचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवतो. सोळावा अंक टाकला की त्याचा शून्य होतो. पंजाब नॅशनल बँकेचा खाते क्रमांक १६ आकडी असतो. म्हणजे खात्याच्या शेवटी ७ असेल तर एक्सेलमध्ये तो गुपचूप ० झाला. एरर नाही, लाल रंग नाही, काही नाही.

यावर उपाय एकच आणि तो टाईप करायच्या आधी करायचा. यूएएन, आधार, खातं, मोबाईल, ईएसआयसी नंबर हे सगळे रकाने निवडा, राईट क्लिक, फॉरमॅट सेल, 'टेक्स्ट'. मग नंबर टाका. टेक्स्ट केलेला नंबर खान्यात डावीकडे चिकटतो, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो, 'नंबर टेक्स्ट म्हणून ठेवलाय' अशी सूचना येते. तिकडे दुर्लक्ष करा. 'कन्व्हर्ट टू नंबर' वर बोट गेलं की केलेलं पाण्यात. आधी आकडे टाकून नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला शून्य परत येत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून कधी उघडू नका. उघडली, काही बदललं नाही, सहज सेव्ह केली, तरी शून्य गेले. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्येच लागत असेल तर 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' करून आणा आणि त्या वेळी रकान्याला टेक्स्ट सांगा. २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये ही आपोआप बदलाबदल बंद करायची सोय ऑप्शनमध्ये आली आहे. पण आपल्याकडच्या ऑफिसात कोणतं जुनं एक्सेल चालतं हे सर्वांना माहीत आहे.

तपासायला सोपी युक्ती. शेजारच्या रिकाम्या रकान्यात 'लेन' फॉर्म्युला लावा, इंग्रजीत एल-ई-एन. तो खान्यात किती अक्षरं आहेत ते मोजतो. यूएएन आणि आधारला सगळीकडे १२ आलं पाहिजे, ईएसआयसी नंबरला १०, आयएफएससीला ११. जिथे १३ येतं तिथे मागे-पुढे स्पेस आहे. ती काढायला 'ट्रिम' फॉर्म्युला आहे. पण व्हॉट्सॲपवरून किंवा वेबसाईटवरून कॉपी केलेल्या नंबरात एक वेगळ्याच जातीची स्पेस येते, ती ट्रिमने जात नाही. तीच स्पेस कॉपी करून 'फाइंड-रिप्लेस'मध्ये टाका, रिप्लेसची जागा रिकामी सोडा, जाते.

आयएफएससीचा विषय निघालाच आहे तर, त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. ओ नाही. पासबुकावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून निम्मे लोक ओ टाकतात. शिवाय बँका एकमेकींत गेल्या. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, २०२० मध्ये आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत. जुने कोड बंद झाले. मजुराच्या घरी पासबुक मात्र जुनंच, आणि फाईलमध्ये तोच जुना कोड वर्षानुवर्षं कॉपी होत येतो.

एक जूनची मंडळी

आपल्या गावांत चाळिशी-पन्नाशीच्या किती माणसांची जन्मतारीख १ जून आहे, मोजून बघा. शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी तारीख विचारली, घरच्यांना पावसाळा आठवत होता, तारीख नाही. गुरुजींनी १ जून लावून दिली. तीच दाखल्यावर, तीच आधारवर.

आता ०१/०६/१९८० असं लिहिलं. आपण वाचतो १ जून. पण कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकेची असेल तर तो आधी महिना वाचतो, म्हणजे ६ जानेवारी. विंडोज टाकताना कोणी भारत निवडलंच नसेल तर बऱ्याच मशीनवर तीच सेटिंग राहिलेली असते. हाच तर घोळ आहे. तारीख १५ जून असती तर १५ वा महिना नसतो म्हणून एक्सेल अडला असता, ती तारीख साधं अक्षर म्हणून डावीकडे राहिली असती आणि चढवताना एरर आली असती. १ जून मात्र निमूटपणे ६ जानेवारी होते.

पुढे काय होतं? पीएफमध्ये ६ जानेवारी, आधारमध्ये १ जून. दोन्ही जुळत नाहीत म्हणून केवायसी अडतं, केवायसी नाही म्हणून ऑनलाईन पैसे काढता येत नाहीत. पीएफच्या पेन्शनचं वय ५८, तेही जन्मतारखेवरूनच धरतात. कामाला लागल्याची तारीख ०५/०४ ची ०४/०५ झाली तर नोकरीचा एक महिना कागदावर कमी. आणि जुनी कंपनी सोडल्याची तारीख नव्या कंपनीत लागल्याच्या तारखेच्या पुढे गेली, तर दोन्हीकडे एकाच वेळी काम केलं असं दिसतं आणि जुना पीएफ नव्या खात्यात आणायचा अर्ज अडू शकतो.

ऑपरेटर भाऊंसाठी उपाय असा. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन 'इंग्लिश (इंडिया)' करा. मग तारखेचा रकाना निवडून फॉरमॅट असा लावा की महिन्याचं नाव अक्षरात दिसेल, १-जून-१९८० असं. नाव दिसलं की चूक लगेच डोळ्यात भरते, सगळ्या जूनवाल्यांमध्ये जानेवारी कुठून आला हे कळतं. चढवताना मात्र साईटला जो नमुना लागतो तोच द्यायचा. तारखेच्या जागी २९३७३ असा आकडा दिसला तर घाबरू नका. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतो आणि १ जून १९८० चा त्याच्याकडचा नंबर २९३७३ आहे. फॉरमॅट तारखेचा केला की दिसेल.

तारखेच्या या खोडीने मोठमोठ्यांना दमवलंय. माणसाच्या जनुकांना शास्त्रज्ञांनी जी छोटी नावं दिली होती त्यातली काही 'मार्च १', 'सेप्ट १' अशी होती. एक्सेल त्यांना १ मार्च, १ सप्टेंबर करून टाकायचा. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल सुधारण्यापेक्षा ते सोपं पडलं!

पाटील किती आहेत?

खान्देशात कोणत्याही कारखान्याची हजेरी काढा, पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे, कोळी यांनी पान भरतं. त्यात एकाच नावाचे दोन-तीन पाटील सर्रास. वडिलांचं नावही कधी कधी सारखं.

ऑपरेटर काय करतो, हजेरी एका शीटवर, खातं दुसऱ्या शीटवर, आणि नावावरून 'व्हीलुकअप' लावून दोन्ही जोडतो. व्हीलुकअपला एका नावाची दोन माणसं दिसली तर तो पहिल्याचंच खातं उचलतो. दोघांसाठी. म्हणजे दोन पाटलांचा पगार एका पाटलाच्या खात्यात. जोडायचं तर एम्प्लॉयी कोडवर किंवा यूएएनवर जोडा, नावावर कधीच नाही. आणि फॉर्म्युल्याच्या शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. ते नसेल तर तो जवळपासचं जे सापडेल ते देतो.

नावाच्या स्पेलिंगचं तर काही विचारू नका. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत कोणी डीपासून लिहितं, कोणी जीपासून. सोनवणेमध्ये कोणी डब्ल्यू लावतं, कोणी व्ही. पाटीलमध्ये आय की डबल ई. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, आधारवर बहुतेक वेळा शेवटी. पीएम किसानचा हप्ता किंवा मनरेगाची मजुरी ज्यांची नावावरून अडली त्यांना हे वेगळं सांगायला नको. मनरेगात तर १ जानेवारी २०२४ पासून आधारवरूनच पैसे द्यायचं सक्तीचं झालं, तेव्हा जॉबकार्डवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवता जुळवता ग्रामरोजगार सेवक थकले. नियम एकच धरा, आधारवर जसं आहे तसं, अक्षर-अक्षर. माणसाला विचारून नाही, कार्ड समोर ठेवून.

आणि सगळ्यात धोक्याची चूक, सॉर्टिंग. नावं अ-ब-क क्रमाने लावायची म्हणून फक्त नावाचा एकच रकाना निवडला आणि सॉर्ट केलं. एक्सेल विचारतो, शेजारचे रकाने पण हलवू का? घाईत 'नको' दाबलं जातं. नावं हलली, खाती जागेवरच. आता प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याचं खातं. बेरीज बरोबर, माणसं बरोबर, खाते क्रमांक सगळे खरे. सॉफ्टवेअरला तक्रार करायला जागाच नाही. बँकही अडवत नाही, कारण एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात, नाव जुळलंच पाहिजे असं नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय द्यायला बँकांना सांगितलंय. पण शंभर माणसांच्या फाईलमध्ये ते बघायचं की नाही हे बघणाऱ्यावर आहे. गेलेले पैसे परत आणायचे तर समोरच्या खातेदाराची संमती लागते, आणि तोवर इकडच्या मजुराच्या घरी किराणा उधारीवर.

मराठी अक्षरांची गंमत

ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था यांच्या फाईली मराठीत असतात. जुन्या फाईली कृतीदेव किंवा श्रीलिपीत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'पाटील' दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवलं की नावाच्या जागी इंग्रजीचा कचरा. फॉन्ट बदलून काही होत नाही, कन्व्हर्टरने युनिकोड करावं लागतं आणि मग एकदा डोळ्याखालून घालावं लागतं.

युनिकोडमधली फाईल सीएसव्ही केली आणि नावाच्या जागी ???? आले, तर सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडला नव्हता. आकडे मराठीत १२३ असे टाईप केले असतील तर बहुतेक सॉफ्टवेअर ते आकडे धरतच नाही, इंग्रजीच टाका. आणखी एक बारकी खोड. बऱ्हाणपूर शब्दातला 'ऱ्ह' कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या पद्धतीने टाईप होतो. दिसतो एकसारखा, पण कॉम्प्युटरला दोन गावं वाटतात. त्यामुळे मराठी गावाच्या नावावरून यादी जुळवताना काही ओळी सुटल्या तर तिकडे बघा.

पत्त्यातला स्वल्पविराम हेही एक कारण. 'मु. पो. पिंप्राळा, ता. जि. जळगाव' असं लिहिलं आणि फाईल हाताने सीएसव्ही बनवली, तर स्वल्पविरामाला सॉफ्टवेअर नवा रकाना समजतं. पुढचं सगळं एक घर सरकतं. जळगाव जातं मोबाईलच्या रकान्यात, मोबाईल जातो पगाराच्या रकान्यात. नशीब बलवत्तर असेल तर एरर येते.

पीएफ आणि ईएसआयसीच्या फाईलचं थोडं वेगळं

पीएफची ईसीआर ही एक्सेल नसते, साधी टेक्स्ट फाईल असते. एका माणसाच्या एका ओळीत ११ रकाने, यूएएन आणि नावापासून बिनपगारी दिवसांपर्यंत. रुपये पूर्ण, पैसे चालत नाहीत. एरर बहुतेक इथेच, कारण एक्सेलने टक्केवारी काढली की दशांश येतात. उदाहरण घ्या. १५ हजार पगारावर मजुराचे १२ टक्के म्हणजे १,८००. मालकाचेही १,८००, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला. हिशोबाने १,२४९.५० येतात, ते १,२५० करायचे. उरलेले ५५० पीएफला. १,२५० आणि ५५० मिळून १,८०० झाले पाहिजेत. तिन्ही आकडे वेगवेगळे राऊंड केले की एखाद्या ओळीत रुपयाचा फरक पडतो आणि फाईल परत. राऊंड फक्त पेन्शनचा आकडा करा, पीएफचा वजाबाकीने काढा.

ईएसआयसीत महिनाभर माणूस आलाच नसेल तर दिवस शून्य लिहून चालत नाही, कारणाचा कोड द्यावा लागतो, रजेवर की सोडून गेला. सोडून गेला असेल तर कामाचा शेवटचा दिवसही. कोड चुकीचा पडला तर माणूस विम्यातून बाहेर, आणि दवाखान्यात गेल्यावर कळतं.

ईएसआयसीचा नमुना जुन्या प्रकारच्या एक्सेलचा, म्हणजे ९७-२००३ वाला. नव्या प्रकारात सेव्ह केली की साईट घेत नाही. या जुन्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावतात. आपल्या कारखान्याला त्याचं काही नाही, पण इंग्लंडच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये हाच मार खाल्ला. प्रयोगशाळांकडून आलेले कोरोनाचे निकाल ते जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमधून पुढे ढकलत होते. फाईल भरली, जास्तीच्या ओळी गळाल्या, एरर आली नाही. १५,८४१ बाधित रुग्ण आठवडाभर यादीतच नव्हते.

आपल्या राज्यातलं उदाहरण तर सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. २०१७ ची कर्जमाफी. शेतकऱ्यांनी रांगा लावून ऑनलाईन अर्ज भरले, बँकांनी त्यांच्या याद्या चढवल्या, दिवाळीत काहींना प्रमाणपत्रं वाटली, आणि मग अर्जांची माहिती आणि बँकांची माहिती एकमेकींशी जुळेना. याद्या पुन्हा तपासत बसावं लागलं. कर्ज खरं, शेतकरी खरा, पण रकाने जुळत नव्हते.

एरर आलीच तर

संदेश पूर्ण वाचा, नाहीतर फोटो काढून ठेवा. '४७ व्या ओळीत चूक' म्हटलं तर काही सॉफ्टवेअर रकान्यांच्या नावांची ओळ मोजतात, काही नाही, म्हणून ४६, ४७, ४८ तिन्ही बघा. दोनशे एरर आल्या तर घाबरू नका, पहिली तेवढी दुरुस्त करा. एक स्वल्पविराम काढला की बाकीच्या शंभर आपोआप जातात. ओळ सांगतच नसेल तर फाईल अर्धी करा, अर्धी चढवून बघा. जी अर्धी अडेल ती पुन्हा अर्धी. दोनशे ओळींत सात-आठ फेऱ्यांत चुकीची ओळ सापडते.

मात्र त्याआधी एक विचारून घ्या, हे सॉफ्टवेअर चूक आली की सगळी फाईल सोडून देतं, की बरोबर ओळी घेऊन बाकीच्या सोडतं? दुसऱ्या प्रकारचं असेल आणि तुम्ही पूर्ण फाईल पुन्हा चढवली तर निम्म्या माणसांची नोंद दोनदा होईल. नवीन सॉफ्टवेअर असेल तर आधी दोन-तीन माणसांचीच फाईल चढवून बघायची. मूळ फाईलला हात लावायचा नाही, तारीख घालून कॉपी करायची.

चढल्यावर मिळवणी करा, दुकानदार रात्री गल्ला मिळवतो तशी. माणसं किती, एकूण पगार किती, पीएफ किती, हे फाईलमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये सारखं आलं पाहिजे. पण सॉर्टिंगची चूक या बेरजेत सापडत नाही, म्हणून मधली कोणतीही पाच माणसं निवडा आणि त्यांचं खातं पासबुकाच्या झेरॉक्सशी लावून बघा. दहा मिनिटं लागतात.

मजूर दादांनी, ताईंनी काय बघायचं

उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं. दर महिन्याला बघा, पगाराच्या पावतीवर कापलेली रक्कम तिथे आली का. कंपनीने १५ तारखेला भरली तरी दिसायला काही दिवस लागतात. यूएएन चालू असेल आणि केवायसी झालेली असेल तर नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल दिला की शिल्लक मेसेजवर येते. त्याच वेळी नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि लागल्याची तारीख बघून घ्या. एक जूनवाल्यांनी तर आजच.

चूक सापडली तर ऑफिसात जाऊन 'माझा पीएफ दिसत नाही' एवढंच म्हणू नका. 'भाऊ, माझा यूएएन तुमच्या शीटवर काय आहे ते दाखवा' म्हणा आणि शेवटचे चार आकडे स्वतः लावून बघा. नाव, जन्मतारीख अशा दुरुस्त्यांसाठी जॉइंट डिक्लेरेशन नावाचा अर्ज असतो. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून मिळालेला आहे त्यांना जानेवारी २०२५ पासून अशा बऱ्याच दुरुस्त्या मालकाच्या सहीविना स्वतः ऑनलाईन करता येतात. त्याआधीच्यांना कंपनीमार्फत जावं लागतं.

अजून एक. काही ठिकाणी सगळ्या कामगारांची आधार, खाते क्रमांक असलेली एक्सेल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, 'आपापलं बघून घ्या' म्हणून. हे बंद करा. ती फाईल ग्रुपमधून कुठे कुठे जाते कोणाला पत्ता नसतो, आणि उद्या कोणी त्यावरून फोन करून ओटीपी मागितला तर जबाबदार कोण? प्रत्येकाला त्याची एकट्याची ओळ दाखवा, आधारचे शेवटचे चार आकडे पुरतात.

पीएफ कार्यालय दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेतं. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. आधार, पासबुक, यूएएन आणि पगाराच्या पावत्या घेऊन तिथे जाता येतं. ऑपरेटर पोरांनाही जाता येतं, कंपनीची अडकलेली फाईल घेऊन.